टॉर्च पर्समध्येच राहिली

पेनाएवढी टॉर्च पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात होती. त्याच कामासाठी आणलेली. भाचीच्या बाळाचं बारसं डोंबिवलीला होतं आणि तिथून दहा मिनिटांवर राहणाऱ्या एका काकांनी ऑनलाइन जाहिरात टाकली होती: निकॉनची ७०-३०० झूम लेन्स, व्यवस्थित वापरलेली, नऊ हजार. लेकीला पक्ष्यांचं वेड लागलंय. घरातून निघताना तिने तीनदा बजावलं, "आई, लेन्सच्या मागून टॉर्च मार आणि पुढून बघ. विसरू नकोस."

विसरले नव्हते. पण काकांनी दार उघडलं तेच "या या, उन्हाच्या आलात" म्हणत. पंखा वाढवला, पाणी दिलं. रेल्वेतून निवृत्त, घरात एकटे. भिंतीवर त्यांनीच काढलेले फोटो होते. भांडुप पंपिंग स्टेशनला पहाटे जाऊन टिपलेले फ्लेमिंगो, एक खंड्या, चोचीत मासा धरलेला बगळा. बायको होती तोवर दर रविवारी दोघं जायचे म्हणे. ती डबा सांभाळायची आणि हे कॅमेरा. आता मोतीबिंदू आलाय, फोकस कळत नाही, म्हणून लेन्स काढतोय. त्यांनी चहा केला, बशीत चिवडा आणला आणि लेन्स माझ्या हातात देताना म्हणाले, "तुमच्या मुलीला पक्षी आवडतात म्हणालात ना फोनवर, म्हणून तुम्हालाच द्यायची ठरवली. दुसरा एक जण पाचशे जास्त देत होता."

आता या वाक्यानंतर पर्समधून टॉर्च काढून त्यांच्या लेन्सच्या आत तपासणी अधिकाऱ्यासारखं डोकावायचं कसं? मी लेन्स खिडकीकडे धरली, एकदा डोळ्याला लावली, समोरच्या इमारतीवरच्या वाळत घातलेल्या चादरी बघितल्या आणि म्हटलं, "छान आहे काका." नऊ हजार दिले. घासाघीससुद्धा केली नाही.

रात्री पुण्याला घरी आल्यावर लेकीने टॉर्च मारली. काही बोलली नाही. लेन्स आणि टॉर्च दोन्ही माझ्या हातात दिली. आतल्या काचेवर कडेपासून मध्याकडे निघालेलं पांढरं जाळं होतं, कोळ्याने विणल्यासारखं. बुरशी.

मुंबई, ठाणे आणि सगळ्या कोकणपट्टीत वापरलेली लेन्स घेणाऱ्याला हा शब्द आधी शिकावा लागतो. हवेत दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिला, लेन्स अंधाऱ्या कपाटात, कातड्याच्या पिशवीत पडून असली, की काचेवर बसलेल्या धुळीवर बुरशी रुजते. तिच्यातून आम्ल सुटतं आणि ते काचेवरचा लेप हळूहळू खातं. लवकर सापडली तर कारागीर लेन्स खोलून पुसून देतो. उशीर झाला तर बुरशी जाते पण तिची नक्षी काचेवर कायमची कोरलेली राहते. गंमत अशी की साध्या उजेडात हे जाळं दिसत नाही आणि थोडीफार बुरशी फोटोतही कळत नाही. उन्हाच्या दिशेने फोटो काढला की मग चित्र दुधाळ होतं. म्हणून टॉर्च. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, मागून तिरका उजेड पाडून. दहा सेकंदांचं काम आहे. आमच्या लेन्सच्या सफाईला अठराशे रुपये गेले आणि एका कडेला नक्षी राहिलीच.

काकांना ठाऊक होतं का? मला वाटतं, नसावं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ते जाळं कुठून दिसणार? पण मी फोन करून विचारलं नाही. तिथेही भीडच.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत. मला कुणी अडाणी म्हटलं तर मी भांडेन, कारण काय बघायचं ते मला सगळं माहीत होतं. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात फसलेल्यांच्या हकिगती आपण ऐकतो तेव्हा मनात म्हणतो, "एवढंसुद्धा कळू नये?" कळत असतं हो. समोरच्याचा अपमान होईल म्हणून कळलेलं वापरलं जात नाही.

याचा त्याहून लाजिरवाणा पुरावा माझ्याकडे आहे. मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही' हा कागद आमच्या शाखेत मीच छापून चिकटवलाय, पेन्शनवाल्यांच्या रांगेसमोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. जुना सोफा विकायला काढलेल्या आजोबांना कुणीतरी क्यूआर पाठवतो, "स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील" म्हणतो, आजोबा पिन टाकतात आणि पैसे यायच्या ऐवजी जातात. अशी माणसं मी समोरच्या खुर्चीत बसवून शांत केलीयत. पैसे मागणारी विनंती पाठवायची आणि ती पैसे 'मिळण्याची' आहे असं भासवायचं हा प्रकार तर इतका बोकाळला होता की १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवायची सोयच यूपीआयमधून काढून टाकण्यात आली. क्यूआर मात्र आहेच, आणि आजोबाही आहेत.

तर ही मी. आणि लेन्सच्या चार महिने आधी कॅमेऱ्याच्या शोधात असताना मला एक 'फौजी' भेटला.

निकॉन डी-७२०० ची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, चौदा हजारांत. तेव्हा तीच बॉडी बाकीचे पंचवीस ते तीस हजारांना देत होते. तिथेच थांबायला हवं होतं. बाजारभावाच्या निम्म्यात कुणी काही देत असेल तर तो दाता असतो नाहीतर चोर, आणि दाते जाहिरात देत नाहीत. पण मी मेसेज केला. तो खडकीच्या छावणीत होता म्हणे, बदली झाली होती, सामान हलवायचं होतं. मी न मागताच त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला. बघायला येते म्हटलं तर छावणीत बाहेरच्यांना सोडत नाहीत. फौजेच्या गाडीतून पार्सल येईल, फक्त गेटपासचे एकवीसशे पन्नास आधी भरायचे, वस्तू पोचली की परत. मी जरा आढेवेढे घेतले तर पलीकडून आवाज आला, "मॅडम, देश के जवान पे भरोसा नहीं?"

याला काय उत्तर देणार? माझा मामा सैन्यात होता. मी पैसे भरले. अर्ध्या तासाने पावतीवर जीएसटी लागेल म्हणून आणखी बेचाळीसशे मागितले तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

हा साचा देशभर इतका घासून गुळगुळीत झालाय की पोलिसांच्या इशाऱ्यांत तो नेहमी असतो. पण साच्यातली कारागिरी बघा. गणवेश तुमची खात्री पटवण्यासाठी नसतोच. तो असतो तुमच्या शंकेची तुम्हालाच लाज वाटावी म्हणून. या लोकांना आपली भीड आपल्यापेक्षा जास्त कळते.

पुढची चूक आणखी मोठी. अशा वेळी ताबडतोब १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा असतो, किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची असते. तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात गेलेत तिथेच अडवता येतात. वेळ गेला की ते चार खात्यांत फुटतात आणि कुठल्यातरी एटीएममधून निघून जातात. हे मी लोकांना तोंडपाठ सांगते. मी स्वतः फोन लावला दुसऱ्या दिवशी दुपारी. कारण? बँकेतल्या बाईने स्वतःचं नाव सांगून अशी तक्रार नोंदवायची लाज वाटली. एकवीसशे पन्नास रुपये त्या लाजेपायी गेले, दिव्याखालच्या अंधारात.

(योगायोग असा की मालविक्रीचा आपला कायदाही १९३० चाच. त्याचं सोळावं कलम स्थूलमानाने म्हणतं की माल बघून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. त्याला अपवाद आहेत, पण ते बहुतेक दुकानदाराला, त्या मालाचा धंदा करणाऱ्याला लागू होतात. डोंबिवलीचे काका धंदा करत नव्हते.)

माझी आई माठ घ्यायला जायची तेव्हाची आठवण आहे. कुंभाराच्या समोर बसून ती एकेक माठ उचलायची, तळहातावर पेलायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. टणटण आवाज आला तर ठीक; बद्द आला तर बाजूला. आठ-दहा माठ वाजवून त्यातला एक घ्यायची, कधी एकही घ्यायची नाही. कुंभाराला राग आलेला मी पाहिला नाही. उलट तोच एखादा माठ पुढे करायचा, "हा वाजवा वहिनी." मडकं वाजवून घ्यायचं असतं हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे वाजवण्यात संशय नव्हता, रीत होती.

बाबांचं तसंच, फक्त जागा वेगळी. मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार नाहीतर रविवार. तिथून त्यांनी रेडिओ आणले, इस्त्र्या आणल्या, एकदा शिवणयंत्राची नुसती मोटर आणली. रेडिओ लावून दाखव म्हणायचे, पाच मिनिटं चालू ठेवायचे कारण "तापल्यावर खरं काय ते बोलतो". आणि एक प्रश्न प्रत्येकाला: "का विकताय?" उत्तरापेक्षा उत्तर देतानाचं तोंड बघायचे. त्या बाजारात बसलेल्यांनाही ही रीत ठाऊक होती.

ऑनलाइन बाजारात रीत अजून बसलेली नाही. तिथे दुकान नाही, माणसाचं घर आहे. घरी गेलं की आपण गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणे होतो. आणि पाहुण्याने यजमानाचा माठ वाजवायचा नसतो.

म्हणून मी आता शक्यतो घरी जात नाही, घरी बोलावतही नाही. कॅमेऱ्याची बॉडी शेवटी घेतली ती फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत, दुपारी, एका तरुणाकडून. तो लग्नाचे फोटो काढायचा, आता नवीन मिररलेस कॅमेरा घेतलेला. बसल्या बसल्या तोच म्हणाला, "ताई, आधी शटर काउंट बघून घ्या." एक फोटो काढला, फाइल फोनवर घेतली, तिच्या आतल्या माहितीतून शटर आजवर किती वेळा उघडलं त्याचा आकडा निघाला: एकेचाळीस हजार. डी-७२०० चं शटर कंपनीने दीड लाख उघडझापांपर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे अजून बरंच आयुष्य शिल्लक. मग त्याने छिद्र एकदम लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायला लावला. सेन्सरवरचे दोन धुळीचे ठिपके त्यानेच बोट ठेवून दाखवले. चार्जर लावून पाहिला, दोन्ही कार्डांचे खाचे पाहिले, मूळ बिल घेतलं. सव्वीस हजार. पैसे वस्तू हातात आल्यावर, जागच्या जागी. तो मुलगा माझ्याशी त्या कुंभारासारखा वागला, म्हणजे मला कुंभाराच्या गिऱ्हाइकासारखं वागता आलं. तासाभरात आमच्यात एकही गोड शब्द झाला नाही, आणि इतका निर्धास्त व्यवहार मी आजवर केलेला नाही.

फोनची गोष्ट कॅमेऱ्याहून नाजूक आहे, कारण तिथे वस्तू खराब निघण्यापेक्षा वस्तू चोरीची निघण्याची धास्ती जास्त. ज्याच्याकडे मालकी नाही तो तुम्हाला मालकी देऊ शकत नाही, हेही त्याच १९३० च्या कायद्यात आहे, सत्ताविसाव्या कलमात. तुम्ही पूर्ण किंमत मोजली असली तरी मूळ मालक आला की फोन त्याचा. आणि चोरीचा आहे असं मानायला जागा असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं ३१७ वं कलम आहे. निम्मी किंमत, बिल नाही, डबा नाही आणि विकणारा स्टेशनबाहेर घाईत, एवढं पोलिसांना 'जागा' म्हणून पुरेल.

यावर उपाय मात्र सोपा झालाय. *#०६# डायल केलं की फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, आयएमईआय, दिसतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. मग केवायएम अशी तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो आकडा, असा मेसेज १४४२२ वर धाडायचा. फोन काळ्या यादीत असेल किंवा तोच आकडा आणखी कुठल्या फोनमध्ये चालू असेल तर उत्तरात कळतं. चोरीचे फोन देशभर बंद पाडणारी ही सीईआयआर यंत्रणा प्रयोग म्हणून पहिल्यांदा सुरू झाली ती महाराष्ट्रातच, सप्टेंबर २०१९ मध्ये. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलबरोबर ती सगळ्यांना खुली झाली. इतकी वर्षं झाली, पण घेणाऱ्यांतल्या किती जणांनी तो मेसेज कधी केलाय, हे मी ओळखीच्यांत विचारून पाहिलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

दुसरी गोष्ट खात्यांची. आयफोनवर जुन्या मालकाचं ॲपल खातं राहिलं, किंवा अँड्रॉइडवर त्याचं गुगल खातं न काढता फोन पुसला, तर नव्या मालकाच्या हातात चकचकीत वीट येते. म्हणून विकणाऱ्याने आपल्या समोर खात्यातून बाहेर पडायचं, समोर फोन पुसायचा आणि तो पुन्हा पहिल्यापासून चालू होऊन घराच्या पडद्यापर्यंत आलेला आपण पाहायचा. "घरी जाऊन करतो आणि पासवर्ड पाठवतो" याला नाही म्हणायचं. लॅपटॉपलाही हेच लागू. माझ्या भाच्याने हिंजवडीतल्या एकाकडून घेतलेला लॅपटॉप पुसल्यावर थेट कुठल्याशा कंपनीचं लॉगिन मागायला लागला. तळाशी खरवडलेलं स्टिकर होतं ते तेव्हा दिसलं. भाचा म्हणाला, बघितलं होतं पण विचारणं बरं दिसेना. आमच्या रक्तातच आहे ते.

परवा मी पहिल्यांदा पलीकडच्या बाजूला बसले. माझा जुना फोन विकायला काढला. जाहिरात लिहिताना एक गंमत कळली. या जाहिरातींची एक ठरलेली भाषा आहे: सिंगल हँड, लेडीज यूज, अर्जंट सेल, टाइमपासवाल्यांनी मेसेज करू नये. मी एवढी पारखून वाचणारी बाई, पण माझ्याही बोटांनी आपोआप लिहिलं, 'कंडिशन उत्तम'. सहा हजार.

नर्सिंगला शिकणारी एक मुलगी तयार झाली. मी तिला बँकेतच बोलावलं, चारनंतर, काउंटर बंद झाल्यावर. तिथे कॅमेरे आहेत, तिला आणि मला दोघींनाही बरं. धाकट्या भावाला घेऊन आली. शिपाईकाकांनी चहा आणला. तिने फोन उलटा-सुलटा केला, पडद्यावरून अंगठा फिरवला आणि पर्स उघडली.

"अगं, तपासून तरी घे."

"नको काकू. तुम्ही बँकेत आहात, तुमचं काय तपासायचं?"

मला डोंबिवलीतला चिवडा आठवला. मी डबा काढला, बिल काढलं, फोन तिच्या हातात परत दिला आणि *#०६# दाबायला सांगितलं. ती संकोचली. भाऊ मात्र सरसावला. तो पडद्यावरचे आकडे वाचायला लागला, मी डब्यावरचे, पासबुक ताडताना वाचतो तसे चार-चार करून. जुळले. मग तिने मेसेज केला आणि उत्तराची वाट बघत आम्ही तिघं चहा प्यालो. नेटवर्क आमच्या शाखेत तसं यथातथाच. उत्तर आलं, सगळं ठीक. माझ्या खात्यातून मी तिच्यासमोर बाहेर पडले, फोन पुसला, पुन्हा चालू होताना तिघांनी डोकी एकत्र करून पाहिला.

भावाला आता चेव चढला होता. त्याने आपलं सिम घातलं, बहिणीला दाराबाहेर पाठवलं आणि तिला फोन लावला. बोलला, ऐकलं, कपाळाला आठी घातली. ती आत आली तेव्हा दोघं काहीतरी कुजबुजले. मुलगी माझ्याकडे न बघता, जवळजवळ माफी मागितल्यासारखी म्हणाली,

"काकू, वरचा स्पीकर जरा खरखरतो का?"

पाऊस पडला त्या आठवड्यापासून खरखरत होता. आवाज मोठा केला की जास्त.

"खरखरतो," मी म्हटलं. "पाचशे कमी दे."